जिन्याखालचं खोकं

त्यांना सगळे चिंधीमास्तर म्हणत. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने चेष्टेनेच ठेवलं असणार, पण वीस-बावीस वर्षांत ते अंगाला असं बसलं की दुकानदार सामानाच्या खोक्यांवरही तेच लिहून पाठवत. काम लाकडाच्या पॉलिशचं. दारं, कठडे, कपाटं, जुनी टेबलं. पॉलिश करणारे शहरात पुष्कळ होते. चिंध्यांचं वेड मात्र एकट्या मास्तरांना.

या कामात जवसाचं तेल लागतं. सुती चिंधीवर ते घ्यायचं, लाकडाच्या रेषेरेषेने जिरवायचं आणि वर राहिलेलं दुसऱ्या चिंधीने पुसून काढायचं. दिवसाकाठी दहा-बारा चिंध्या तेलाने ओल्या होतात. हे तेल पाण्यासारखं वाळत नाही. वाळताना ते आतल्या आत तापतं. चिंधी मोकळी पसरलेली असली की ती ऊब हवेत निघून जाते, कुणाला कळतही नाही. पण चार चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकला की ऊब कोंडते, वाढत जाते, आणि काही तासांनी तो बोळा काडीशिवाय, ठिणगीशिवाय, आपला आपण पेट घेतो.

म्हणून कुठल्याही कामावर गेलं की मास्तर आधी दोरी बांधत. डबे उघडण्याआधी, पॉलिश पेपर काढण्याआधी. वापरून झालेली प्रत्येक चिंधी दोन चिमट्यांनी त्या दोरीवर, शेजारच्या चिंधीपासून चार बोटं सोडून. वाळून पापडासारखी कडक झाली की झाकणाच्या बादलीत, पाण्याखाली. हाताखालच्या माणसाने बोळा केलेला दिसला तर ते ओरडत नसत. तो बोळा उचलून त्याच्या हातात देत आणि शांतपणे म्हणत, "घरी घेऊन जा. उशाशी ठेव." तो माणूस पुन्हा कधी बोळा करत नसे.

चिंध्या घरून येत. मास्तरांची बायको जुन्या चादरी, जुने सदरे फाडून हातभर लांबीचे तुकडे करायची. बटणं काढून डब्यात टाकायची, शिवणीची जाड कड कापून बाजूला करायची, कारण ती कड लाकडावर ओरखडा काढते. हे तिला मास्तरांनी शिकवलं नव्हतं. एकदा त्यांना स्वतःशी चरफडताना ऐकून तीच शिकली होती.

बासष्टाव्या वर्षी मास्तरांना त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. जुनं टपालघर. दीडशे वर्षांची दगडी इमारत, अकरा वर्षं रिकामी. संरक्षित वास्तूंच्या यादीत नाव होतं, म्हणून पाडता येत नव्हती. पैसा नव्हता, म्हणून उघडता येत नव्हती. आत कबुतरं आणि धूळ. शेवटी एका तरुण आर्किटेक्ट बाईंनी चार वर्षं अर्जांमागून अर्ज करून तिच्या दुरुस्तीची परवानगी आणली, आणि पहिलं काम धरलं ते जिन्याचं.

तो जिना पाहायला मास्तर पहिल्यांदा गेले तेव्हा हातातली पिशवी खाली ठेवायचंही विसरले. सागवानी कठडा तळमजल्यापासून निघून अर्धं वळण घेत वर जात होता आणि त्या सगळ्या वळणात कुठे जोड दिसत नव्हता. लोकांचे हात फिरून फिरून लाकूड एका बाजूने खोलगट झालं होतं. पत्र टाकायला आलेल्यांचे हात, मनीऑर्डर घ्यायला आलेल्यांचे हात. मास्तरांनी तिथे आपला पंजा ठेवला आणि तो बरोबर बसला. घरी येऊन बायकोला म्हणाले, "आपल्याकडच्या सगळ्यात मऊ चादरी काढ."

पाच महिने काम चाललं. सोबतीला एक वायरमन होता, चाळिशीच्या अलीकडचा, सगळे त्याला करंट म्हणत. तात्पुरत्या दिव्यांची जोडणी त्याच्याकडे. माणूस कामाला चोख, पण तात्पुरत्या वायरी त्या तात्पुरत्या. भिंतीवरून लोंबायच्या, खिळ्याला गुंडाळलेल्या असायच्या. मास्तर त्याला रोज टोमणा मारत.

"अरे, या वायरी आहेत की न विंचरलेले केस? तू एक दिवस ही इमारत पेटवणार बघ."

"पेटवली तर विझवायला तुमच्या चिंध्या आहेतच, मास्तर. नाहीतरी नुसत्या टांगून ठेवता."

गवंडी हसत, आर्किटेक्ट बाई हसत. दुपारी हे दोघं एकाच पायरीवर बसून डबा खात. करंटच्या घरी दोन मुली, म्हातारी आई आणि तिचं औषधपाणी. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. करंटने कधी भाजीतलं अर्धं न विचारता त्यांच्या डब्यात टाकलं तर ते "नको रे" म्हणत आणि खात.

मग तो शनिवार आला. रविवारी सकाळी पाहुणे येणार होते. पैसा देणाऱ्या संस्थेची माणसं आणि वर्तमानपत्राचे लोक. जिना पाहायला. आर्किटेक्ट बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की मास्तरांचा फोटो कठड्यापाशी काढायचा. एकदा पाहू या म्हणून त्यांनी शनिवारी सकाळी मास्तरांना उभं केलं आणि फोनवर टिपलेला फोटो दाखवला. मास्तरांनी पाहिलं. मागे जिना वळण घेत होता, पुढे ते स्वतः आणि दोघांच्या मधून आडवी गेलेली दोरी, तिच्यावर बारा तेलकट चिंध्या. त्यांना ते चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या धुण्यासारखं दिसलं.

"ही दोरी काढतो," ते म्हणाले.

"राहू द्या ना. छान वाटतंय, कामाची जागा वाटते," बाई म्हणाल्या आणि फोनवर बोलत बाहेर गेल्या.

मास्तरांनी दोरी काढली. शनिवारी अर्धा दिवस. सगळे एक वाजता निघायचे. करंटने वर जाऊन मुख्य खटका पाडला, त्याचा खट्ट असा आवाज रिकाम्या इमारतीत घुमला, आणि तो वरूनच म्हणाला, "मेन बंद केलाय मास्तर, चला." मास्तरांच्या हातात चिंध्या होत्या. सकाळच्याच, ओल्या. बादलीत पाणी नव्हतं. नळ मागच्या अंगणात, आणि अंगणाचं कुलूप लावून झालं होतं. एका दिवसाचा तर प्रश्न. उद्या पाहुणे गेले की परत टांगू. जिन्याखाली झाडू ठेवायचं कपाट होतं, त्यात पुठ्ठ्याचं रिकामं खोकं. त्यांनी चिंध्या खोक्यात घातल्या, वर आल्या तशा तळव्याने दाबल्या, कपाटाचं दार लावलं. दोरी गुंडाळून पिशवीत टाकली आणि करंटबरोबर बाहेर पडले.

चार वाजता ते न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते. उद्याच्या फोटोसाठी. चाळीस वर्षं घरी आरशासमोर दाढी केलेला माणूस त्या दिवशी खुर्चीत टेकून, मान मागे टाकून, डोळे मिटून बसला होता. न्हाव्याने विचारलं मिशी काळी करायची का, आणि मास्तर चक्क विचारात पडले. अर्धा गाल झाला होता तेव्हा रस्त्यावरून कुणीतरी पळत गेलं. टपालघरातून धूर निघतोय.

ते गळ्यातल्या कपड्यासकट धावले. अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस तसाच. फाटकापाशी पोचले तेव्हा वरच्या खिडक्यांतून ज्वाळा बाहेर आल्या होत्या आणि आत काहीतरी मोठं, लांबलचक कोसळल्याचा आवाज झाला. बघणाऱ्यांना तो छपराचा वाटला. मास्तरांना कळलं, तो जिना होता. ते फाटकाची सळई धरून खाली बसले.

कुणाचा जीव गेला नाही. जिना गेला, मोठ्या दालनाचं निम्मं छप्पर गेलं, तिकिटांच्या पितळी खिडक्या वितळून वेड्यावाकड्या झाल्या. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोटो खरंच छापून आला. पहिल्याच पानावर. गळ्यात न्हाव्याचा कपडा, अर्ध्या गालावर फेस, डोळ्यांतून पाणी. खाली लिहिलं होतं, एका कारागिराचं दुःख. लोक घरी येऊन गेले. शेजारणी डबे घेऊन आल्या. न्हाव्याने तो फोटो कापून आपल्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला, माझ्या खुर्चीतून उठून धावला हो तो माणूस, असं प्रेम असतं. उरलेली दाढी करायला मास्तर पुन्हा त्याच्याकडे गेले नाहीत. घरीही त्यांनी वस्तरा हातात घेतला नाही. एका गालावर वाढलेली दाढी, दुसऱ्यावर नुसते खुंट, असे ते हिंडत राहिले. तेही लोकांना दुःखच वाटलं.

चौकशीला अग्निशमन दलाच्या एक अधिकारी बाई होत्या. चाळिशीच्या, जाड तळाचे बूट घालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी राखेतून चालत जाऊन सगळ्यात खालपर्यंत जळलेली जागा शोधून काढली. जिन्याखालचं कपाट. त्याला लागूनच करंटची वायर गेली होती. पाहुण्यांना कठडा नीट दिसावा म्हणून त्याने तिथे दोन दिवे लावले होते.

"या कपाटात काय होतं?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"झाडू," मास्तर म्हणाले. "बादली."

हे त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं, आणि गेल्यावर ते परत कसं घ्यायचं हे त्यांना कळेना. मग बाईंनी विचारलं की वरचा मुख्य खटका तर जळून गेला, पण जाताना तो बंद केला होता असं वायरमन म्हणतो, तुम्ही सोबत होतात, तुम्ही पाहिलंत का.

"तो वर होता, मी खाली. पाहिलं नाही."

हे तर खरंच होतं. पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं.

बाकीचं काम लोकांनी केलं. गवंड्याने सांगितलं की मास्तर तर महिनोन्‌महिने करंटला बजावत होते, तू ही इमारत पेटवणार म्हणून. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. रोजची चेष्टा जबाबात उतरली तेव्हा तिच्यातलं हसू निघून गेलं होतं. उरली होती ती एका जाणत्या कारागिराची ताकीद. आणि ज्याच्या कामात आग हा धोका रोजचा, त्या माणसाकडे कुणी संशयाने पाहिलंसुद्धा नाही. चिंधीमास्तर कसे चुकतील? करंटचा परवाना चौकशी संपेपर्यंत काढून घेतला. हातातली दोन कामं गेली. बाजारात त्याला बघून कुणीतरी म्हणालं, लांब राहा रे, झटका बसेल.

आगीनंतर अकराव्या दिवशी तो मास्तरांच्या घरी आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तेव्हा आला. खुर्चीच्या कडेवर बसला. मास्तरांच्या बायकोने चहा आणला. त्याने कप हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला.

"मास्तर, मी खटका पाडला तेव्हा तुम्ही खालीच होतात. आवाज आला असेल ना तुम्हाला? मी हाकही मारली होती, चला म्हणून."

मास्तर कपाकडे बघत होते.

"आठवत नाही रे," ते म्हणाले. "त्या दिवसाचं काही धड आठवतच नाही."

करंटने मान हलवली. वर म्हणाला, साहजिक आहे, तुमच्यावर आभाळच कोसळलं. चहा पिऊन, कप स्वतः आत नेऊन ठेवून तो गेला. जिना उतरताना त्याच्या चपलांचा आवाज मास्तर ऐकत राहिले.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि मास्तरांची कामाची पिशवी घेऊन आली. आगीच्या दिवसापासून ती खुंटीवर तशीच होती. तिने पिशवीतून दोरी काढली, नीट गुंडाळलेली, चिमटे तिच्यातच अडकवलेले, आणि टेबलावर ठेवली.

"दोरी इथे आहे," ती म्हणाली. "चिंध्या कुठे आहेत?"

मास्तरांनी दोरी स्वतःकडे ओढून घेतली.

"बारा दिल्या होत्या. माझा जुना निळा झगा फाडून. मी अकरा दिवस वाट बघतेय, की तुम्ही आपणहून सांगाल." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. "तो पोरगा आत्ता इथे बसून गेला. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. आणि तुम्हाला बघवलं?"

"मी तरी कुठे बघत होतो," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी ती त्यांच्याशी पुढे बोलली नाही. ताट वाढलं, पाणी ठेवलं, सगळं केलं. चिंध्यांसाठी बाजूला काढलेल्या चादरी मात्र घडी करून पुन्हा कपाटात ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर आर्किटेक्ट बाईंच्या कचेरीत गेले. भिंतीवर टपालघराचे नकाशे होते, जिन्याचा मोठा फोटो होता. ते त्याच्याकडे पाठ करून बसले. सांगून टाकलं. दोरी, खोकं, कपाट. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि मग त्यांचे डोळे भरून आले. मास्तर, तुम्ही करंटला वाचवायला बघताय ना, त्या म्हणाल्या. त्याच्या घरची परिस्थिती त्यांनाही ठाऊक होती. पण असं खोटं सांगून कसं चालेल? तुम्ही आणि चिंध्या कोंबून ठेवणार? बावीस वर्षं शहरातल्या प्रत्येक पॉलिशवाल्याला शिकवणारे तुम्ही? मास्तर पुन्हा पुन्हा सांगू लागले तसतसा बाईंचा त्यांच्याविषयीचा आदर वाढत गेला. केवढं मन तुमचं, असं म्हणून त्यांनी दारापर्यंत येऊन त्यांना निरोप दिला.

रस्त्यात मास्तर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं आणि आता खरं बोलले तर चांगुलपणा ठरला. आपलं नाव आपण इतकं जपलं, की आता ते आपल्यालाच आत येऊ देत नाही. आणि या सगळ्यात एक गोष्ट त्यांना मनातल्या मनातही नीट उच्चारता येत नव्हती. बाईंनी विश्वास ठेवला नाही तेव्हा क्षणभर त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. प्रयत्न तर केला, असं.

ते उठले आणि अग्निशमन केंद्रावर गेले.

अधिकारी बाईंचा ना विश्वास ना अविश्वास. त्यांनी विचारलं तेल कुठलं, कापड कसलं, किती वेळ ओलं, खोकं केवढं. मग म्हणाल्या, करून दाखवा. दर वेळी पेटतंच असं नाही. नाही पेटलं तरी मी तसं लिहीन. आणि त्या दोघांना बोलावून घेते, वायरमनला आणि तुमच्या आर्किटेक्टना. त्यांनीही पाहायला हवं.

घरी येऊन मास्तरांनी बायकोकडे बारा चिंध्या मागितल्या. कशाला, तेही सांगितलं. तिने दुसरा एक जुना झगा काढला आणि टर्रकन फाडला.

सोमवारी सकाळी दहा वाजता टपालघराच्या मागच्या अंगणात सगळे जमले. ऊन लख्ख होतं. बातमी फुटली होतीच. गवंडी आले होते, मास्तरांच्या हाताखाली शिकलेले चार-पाच पॉलिशवाले आले होते. करंट भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. त्याला नुसतं बोलावलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. मास्तरांनी चिंध्यांवर तेल घेतलं, एका फळीवर घासलं, पुसलं. त्या शनिवारी सकाळी हवेत राहून जितक्या अर्धवट सुकल्या होत्या तितक्या त्यांना सुकू दिलं. मग सगळ्यांसमोर, ज्यांना आयुष्यभर नको म्हणून शिकवलं त्यांच्यासमोर, तेवढ्याच एका पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबल्या. वर आल्या तशा तळव्याने दाबल्या. अधिकारी बाईंनी एक बारीक तार आत सोडून तापमापक बाहेर ठेवला आणि खोकं बंद केलं.

करंटला तेव्हा कळलं. त्याने हाताची घडी सोडली आणि पुन्हा घातली.

तास गेला. दीड तास गेला. माणसं सावलीला सरकली. दोन तासांनी एक जुना शिष्य हळूच जवळ येऊन म्हणाला, "मास्तर, कशाला जिवाला त्रास करून घेता? काही होत नाही बघा." आणि खरंच काही होत नव्हतं. खोकं नुसतं खोकं होतं. मास्तरांच्या छातीत एकदम हलकं झालं. म्हणजे ते नव्हतंच. म्हणजे वायरच असेल. हा आनंद त्यांच्या तोंडावर आला असावा, कारण त्याच क्षणी त्यांची नजर समोर गेली आणि करंट त्यांच्याकडेच बघत होता.

मास्तरांनी मान खाली घातली. त्यानंतर ती त्यांनी वर केली नाही, म्हणून धूर त्यांना आधी दिसला नाही, वास आला. जवसाचं तेल करपल्याचा, तिखट, घशाला धरणारा. तापमापकाकडे बघून अधिकारी बाईंनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. पुठ्ठ्यावर मधोमध तपकिरी डाग उमटला, पसरला, काळा झाला, आणि मग त्याच्यातून अगदी सावकाश, घाई नसल्यासारखी, एक ज्योत वर आली. दोन तास चाळीस मिनिटं झाली होती. एक वाजता ठेवलेलं खोकं पावणेचारच्या सुमाराला पेटणार, हा हिशोब तिथल्या प्रत्येकाने मनात केला. आर्किटेक्ट बाईंनी तोंडावर हात धरला. जुना शिष्य जमिनीकडे बघू लागला.

बादली करंटनेच उचलली आणि खोक्यावर ओतली. मग रिकामी बादली हातात तशीच धरून तो मास्तरांसमोर आला. आता शिव्या देईल, असं सगळ्यांना वाटलं.

"मी तुमच्या घरी आलो होतो, मास्तर," तो म्हणाला. "तुम्ही मला चहा पाजलात."

एवढंच. बादली नळाखाली ठेवून तो निघून गेला.

जबाब तिथेच, अंगणातल्या दगडी ओट्यावर बसून झाला. अधिकारी बाई लिहीत होत्या, मास्तर सांगत होते. कारणाच्या रकान्यात बाईंनी लिहिलं, निष्काळजीपणा, आणि वाचून दाखवलं.

"तसं नाही," मास्तर म्हणाले. ते उजवा तळवा डाव्या हाताच्या अंगठ्याने चोळत होते. गेले कित्येक दिवस चोळत होते. "निष्काळजीपणा म्हणजे कळलं नाही असं होतं. मी चिंध्या दाबल्या तेव्हा हाताला ऊब लागली होती. थोडी, बारीक ताप असलेल्या माणसाच्या कपाळासारखी. चाळीस वर्षं हेच काम करतोय मी. मला ती ऊब कळते. मी मनाला सांगितलं, आपलाच हात गरम असेल. कारण न्हाव्याकडे जायचं होतं."

बाईंनी लेखणी थांबवली. हे लिहिलं तर तुम्हाला जड जाईल, त्या म्हणाल्या. अहवालाला याची गरज नाही.

"लिहा," मास्तर म्हणाले.

त्यांनी लिहिलं. करंटचा परवाना आठवड्यात परत मिळाला. संरक्षित वास्तूंवर काम करणाऱ्या कारागिरांच्या यादीतून मास्तरांचं नाव काढलं, आणि खटला उभा राहिला तो पुढच्या तारखांवर चालत राहिला. शिक्षा काय होईल याची त्यांनी वकिलाकडे फारशी चौकशी केली नाही. न्हाव्याच्या दुकानावरून जाताना एकदा त्यांनी आत पाहिलं. आरशाच्या कोपऱ्यात फोटो नव्हता. चिकटपट्टीच्या चार खुणा होत्या. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी दाढी केली, दोन्ही गालांची. बायकोने बघितलं आणि टॉवेल आणून दिला.

लोक आता त्यांना चिंधीमास्तर म्हणत नाहीत. तोंडात आलं तरी गिळतात आणि काका म्हणतात. ते काका ऐकून मास्तरांना दर वेळी कानशील तापल्यासारखं होतं.

वर्षभराने टपालघरात पुन्हा काम सुरू झालं. नवा जिना, नवं लाकूड, दुसरे कारागीर. मास्तर त्या रस्त्याने जात नसत. एकदा औषधाच्या दुकानाला कुलूप होतं म्हणून पुढच्या दुकानात जावं लागलं, तेव्हा फाटकावरून गेले. पाय थांबलेच. दार उघडं होतं आणि आत, ऐन मधोमध, भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती. तिच्यावर चिंध्या. शिडीवर करंट वायर ओढत होता. या वेळी एकेक वायर पट्टीत बसवलेली, सरळ.

मास्तरांनी सवयीने चिंध्या पाहिल्या. चार बोटांचं अंतर होतं. चिमटे दोन-दोन होते. फक्त तिसरी चिंधी वाऱ्याने दोरीवरच दुमडली होती, तिची घडी पडली होती. त्यांच्या तोंडाशी आलं. चिंधी मोकळी कर, हे आजवर हजार वेळा म्हटलेलं वाक्य. पण ते म्हणायचं तर कुठल्या तोंडाने? ते फाटकाच्या बाहेर उभे राहिले, औषधाची चिठ्ठी हातात धरून, आणि आत जाता येईना, निघूनही जाता येईना.

"तिसरी," शेवटी ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना वाटलं ऐकू गेला नसेल.

करंटने वळून पाहिलं. शिडीवरून तो खाली उतरला, दोरीपाशी गेला, तिसरी चिंधी सोडवली, झटकली, पसरून पुन्हा लावली. फाटकाकडे तो आला नाही, हसलाही नाही. चिमटा नीट बसला का ते बोटाने दाबून पाहिलं, आणि पुन्हा शिडी चढला.

मास्तर आणखी थोडा वेळ उभे राहिले. सगळ्या बारा मोजून झाल्यावर पुढच्या दुकानाकडे वळले.